शस्त्रक्रियागृहातील व्यंजना

शब्दशक्ती शिकवताना ‘सूर्य मावळला’ हे ठरीव उदाहरण आम्ही वर्षानुवर्षे देत आलो आहोत. वाक्य एकच, पण गुराख्याला ते गुरे वळवायला सांगते आणि चोराला कामाला लागायला. अभिधा तळाची, व्यंजना शिखरावरची, ही उतरंड विद्यार्थ्यांच्या मनात आम्हीच पक्की करतो. भूलशास्त्रातील एका प्रकरणाने तिचा फेरविचार करणे आम्हांला भाग पाडले.

मार्च २००५ मध्ये इंग्लंडमधील एलेन ब्रॉमिली या ३७ वर्षांच्या स्त्रीवर सायनसची साधी, नियोजित शस्त्रक्रिया व्हायची होती. भूल दिल्यानंतर श्वासमार्ग मिळेना. मास्कने हवा जाईना, श्वासनलिकेत नळीही बसेना. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत घसरले. अशा वेळी गळ्याला पुढून छेद देऊन हवेला वाट करणे हा निर्वाणीचा उपाय तेव्हाही प्रस्थापित होता. पण तिघे अनुभवी डॉक्टर नळी घालण्याच्याच प्रयत्नात गुंतून राहिले. एका परिचारिकेने ट्रेकिऑस्टॉमीचे साहित्य आणून ते तयार असल्याचे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मिळवली आणि तसे येऊन कळवले. मात्र डॉक्टरांच्या नजरेवरून आपण फाजील घाई केली असे वाटल्याने तिने ती रद्द केली. एलेन शुद्धीवर आल्याच नाहीत. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

‘साहित्य तयार आहे’ या वाक्याचा व्यंग्यार्थ ‘आता गळ्याला छेद द्या’ असाच होता. काय करायला हवे हे दोघींनाही उमगले होते. ते उघड बोलावे कसे, हे उमगत नव्हते. व्यंजनेला सहृदय श्रोता लागतो, असे आपण म्हणतो. त्या श्रोत्याला सवडही लागते, हे मात्र आपल्या शास्त्रकारांच्या चर्चेत आम्हांला कुठे ठळकपणे आढळत नाही. (काव्याच्या वाचकाला सवड असतेच, म्हणून असेल.)

एलेन यांचे पती मार्टिन हे वैमानिक. दोषी कोण, यापेक्षा जाणते लोक गप्प का राहिले, हा प्रश्न त्यांनी लावून धरला आणि २००७ मध्ये मानवी घटकांचा विचार करणारा एक वैद्यकीय गट स्थापन केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षा-यादीत शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगण्याची सूचना आहे. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत तर नळी बसत नसल्यास ते अपयश जाहीर करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे उच्चार हीच उपचारातील एक पायरी ठरली. अर्थात हाताचे कौशल्य नसेल तर नुसत्या उच्चाराने काही होणार नाही, हे आम्हांलाही कळते.

पण प्रश्न केवळ इंग्लंडचा नाही. ‘सर’ आणि ‘सिस्टर’ यांच्यामधील अंतर आपल्या इस्पितळांतून सर्वांनी पाहिलेले आहे, आणि वरिष्ठाला उद्देशून आज्ञार्थ वापरणे मराठीत उद्धटपणात जमा होते. उपयोजित मराठीत आम्ही अर्ज शिकवतो, निवेदन शिकवतो, विनंतीचे नाना प्रकार शिकवतो. वरिष्ठाला थांबवणारे वाक्य मात्र शिकवत नाही. हा प्रसंग सांगून ते वाक्य लिहायला आम्ही एकदा वर्गाला सांगितले. बहुतेकांची सुरुवात ‘सर, मला असं वाटतं की’ अशी होती. एकीनेच ‘सर, थांबा’ असे लिहिले, आणि पुढे कंसात ‘क्षमस्व’ जोडले.