बीटीचे तेल आणि सिस्टरचे उत्तर



गंगाखेडला काय किंवा दुसरीकडे काय, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांशी दोन मिनिटे बोलायला मिळतात. मनातले बाकीचे प्रश्न आपल्या आया-बहिणी सिस्टरलाच विचारतात. "बीटीचे खाल्ले तर पोटातल्या बाळाला काही होते का?" हा त्यातलाच एक. "काही होत नाही, जा" किंवा "विष आहे ते" ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

सिस्टरला निदान एवढे ठाऊक असावे. भारतात व्यापारी लागवड होणारे जी.एम. पीक एकच, कापूस. बीटी कापसाला 2002 मध्ये मंजुरी मिळाली. बीटी वांग्याला मात्र केंद्र सरकारने फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती दिली. बाजारातली हायब्रीड ज्वारी किंवा टोमॅटो म्हणजे जी.एम. नव्हे.

कापूस आपण खात नाही, पण सरकीचे तेल फरसाणातून, वनस्पती तुपातून पोटात जाते. बीटीचे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात काम करते. माणसाच्या पोटात ते तसे काम करत नाही. शिवाय रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही. बाजारात आलेल्या जी.एम. पदार्थांची सुरक्षा तपासलेली असते, त्यांच्यापासून धोका संभवत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मात्र नव्या जनुकामुळे ॲलर्जी होऊ शकते का, हे प्रत्येक पिकासाठी वेगळे तपासावे लागते.

काही घरांत हलालचा प्रश्न निघतो. बीटीचे जनुक मातीतल्या जिवाणूचे आहे, कोणत्याही जनावराचे नाही. ही माहिती घेऊन मसला आलिमांना विचारावा.

गरोदर बाईला खरा धोका तेलाच्या बाटलीत नसून फवारणीच्या पंपात आहे. बीटी असूनही मावा-तुडतुड्यांसाठी औषध फवारावेच लागते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. म्हणून सिस्टरने आधी हे सांगावे : फवारलेल्या रानात जाऊ नका, फवारणीचे कपडे वेगळे धुवा, औषधाचा रिकामा डबा घरात वापरू नका.

परभणीत कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या जाणकारांनी नर्स आणि आशाताईंसाठी एक दिवस द्यावा. आलेली खबर तपासून घ्या, ही सूरह हुजुरातची शिकवण आहे. "विचारून सांगते" म्हणण्यात सिस्टरला कमीपणा नाही, आणि तेवढी वाट पाहण्यात आपल्यालाही नाही.