बोट तुटलं की नोंद, मन तुटलं की टाळ्या!

चाकणला कंपनीत प्रेसवर कुणाचं बोट गेलं आणि तो ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर कंपनीला ते सरकारला कळवावं लागतं. कायदाच आहे तसा. मग कोविडमध्ये पीपीई किट घालून रोज मरण बघितलेल्या वायसीएमच्या सिस्टर, वॉर्डबॉय, सफाई कामगारांची झोप उडाली असेल, तर त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होते?

२२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या. ३ मे ला हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. ऑगस्टमध्ये नेहरूनगरच्या मगर स्टेडियमवर जम्बो उभं राहिलं. लाट ओसरली, कंत्राट संपलं, माणसं घरी. आणि जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशाताईंना मानधनासाठी संपावर जावं लागलं!

'कोविड योद्धा' म्हटलं की बरं असतं. योद्ध्याने रडायचं नसतं, रजा मागायची नसते.

कुणी म्हणेल, टेली-मानसची १४४१६ हेल्पलाइन आहे की. आहे, चांगली आहे. पण ती आली ऑक्टोबर २०२२ मध्ये. आणि पुढच्या महिन्यात नोकरी राहील का, या धास्तीवर फोन हा इलाज नाही.

पुढची साथ येण्याआधी महापालिकेने तीन गोष्टी लेखी द्याव्यात: ड्युटीच्या वेळेतच समुपदेशन, तेही गुप्त. कोविडसारख्या ड्युटीनंतर भरपगारी रजा. आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही हेच नियम.

मत मागायला येईल त्याला हे विचारा. थाळी नंतर वाजवू.