आईला चक्कर येत नव्हती

‘पलंगावर कूस बदलली की घर फिरतं,’ असं आई पहिल्या दिवसापासून सांगत होती. फॅमिली डॉक्टरांना सांगितलं, तालुक्याच्या फिजिशियनना सांगितलं, हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं, शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये सांगितलं. चारही ठिकाणी कागदावर एकच शब्द उतरला : चक्कर.

तिथून पुढे जे झालं ते तुमच्यापैकी अनेकांच्या घरी झालेलं असणार. बीपी बघितलं, शुगर बघितली, हिमोग्लोबिन बघितलं. सगळं ठीक. मग मानेचा एक्स-रे. मणक्यात झीज दिसली, कारण आई छप्पन्न वर्षांची आहे आणि त्या वयात बहुतेकांच्या मानेत झीज दिसतेच. मग गळ्यात पट्टा. मग एमआरआय, तोही नॉर्मल. आणि या सगळ्यासोबत चक्करेच्या गोळ्या. एक सकाळी, एक रात्री. सात महिने.

सात महिन्यांत आईने आपलं जगणं थोडं थोडं कापत नेलं. तीन उशा घेऊन अर्धवट बसून झोपायला लागली. स्कूटी बंद केली. वर बघितलं की गरगरतं म्हणून दोरीवर कपडे वाळत घालायचं काम बाबांकडे गेलं. दिवाळीच्या आधी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा चकलीचा सोऱ्या काढायला गेली आणि पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

प्लॅस्टर निघाल्यावर मी तिला पुण्याला आणलं आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सुचवलेल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. ‘चक्करेला कानाचे डॉक्टर कशाला गं?’ आईने रिक्षात विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. काय केल्यावर होतं? किती वेळ टिकतं? आई म्हणाली, ‘कूस बदलल्यावर, आडवं पडल्यावर, वर बघितल्यावर. अर्धा मिनिट.’ त्यांनी तिला तपासायच्या पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि ‘काकू, डोळे मिटायचे नाहीत’ असं म्हणत झटकन मागे झोपवलं, डोकं पलंगाच्या कडेखाली लोंबेल असं. तीन-चार सेकंद काहीच नाही. मग आईने माझा हात घट्ट पकडला आणि तिची बुबुळं आपोआप झटके देत फिरायला लागली. मला ते उघड्या डोळ्यांनी, दोन फुटांवरून दिसत होतं. त्यासाठी कुठलंही यंत्र लागलं नव्हतं.

मग तसंच झोपलेलं असताना मान डावीकडे, थोडं थांबून अख्खं अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, परत थोडं थांबून उठून बसणं. संपलं. आठवड्याने एकदा परत तेच. त्यानंतर आई उताणी झोपते. फी दोन्ही वेळची मिळून बाराशे रुपये.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला. पण घरी येताना राग त्याहून मोठा होता.

कारण हा आजार काही दुर्मीळ नाही. गरगरण्याच्या आजारांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हाच. नाव लांबलचक आहे, डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. आपल्या आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाशेजारी तोल सांभाळणारा भाग असतो. तिथे एका पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण चिकटलेले असतात. त्यांच्या वजनामुळे शरीराला वर-खाली कळतं. शेजारी पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं कुठे वळलं ते सांगतात. वयाने किंवा डोक्याला मार लागून कण सुटतात आणि एखाद्या नळीत शिरतात. मग डोकं हललं की कण घरंगळतात, द्रव ढवळला जातो आणि डोकं थांबलं तरी कान मेंदूला सांगत राहतो की आपण फिरतोय. कण खाली बसले की थांबतं. म्हणून अर्धा मिनिट. उपायही तेवढाच साधा : ज्या वाटेने कण आत गेले त्याच वाटेने डोकं फिरवून त्यांना बाहेर काढायचं. हे कण एमआरआयमध्ये दिसत नाहीत. गोळीने विरघळत नाहीत.

आणि हे ज्ञान कालचं नाही. डोकं लोंबतं ठेवून डोळे बघायची ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 साली मांडली. कण परत जागेवर नेण्याची युक्ती अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एपली यांनी 1980 साली सहकाऱ्यांना करून दाखवली, तेव्हा लोक हसले. डोकं वळवून आजार बरा होतो यावर विश्वास कोण ठेवणार? त्यांचा शोधनिबंध छापून यायला 1992 उजाडलं. 2008 साली अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2017 साली त्या सुधारल्या. त्यात स्पष्ट लिहिलंय : ही तपासणी करा, ही युक्ती करा, उगाच स्कॅन काढू नका आणि चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांवर पेशंटला ठेवू नका. आईच्या बाबतीत यातलं नको ते सगळं झालं आणि हवं ते सात महिने झालं नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एखाद्या ज्युनियरने एरर का येतेय हे न शोधता एरर दाखवणारी ओळच बंद केली, तर त्याला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. चक्करेची गोळी बऱ्याचदा नेमकं हेच करते. आणि ती निरुपद्रवी आहे असंही समजू नका. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनॅरिझिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, सुस्ती येते, म्हणजे ज्याचा तोल आधीच जातोय तो पडायची भीती आणखी वाढते. वयस्कर माणसांनी त्या महिनोन् महिने घेतल्या तर हात थरथरणं, हालचाली मंदावणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू शकतात. मग त्यासाठी पुढचा डॉक्टर, पुढची गोळी.

डॉक्टरकी करणाऱ्या माझ्या शाळेतल्या मित्राला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, ‘ओपीडीत ऐंशी पेशंट असतात. प्रत्येकाला आडवं करत बसलो तर रात्र होईल.’ त्याची अडचण खोटी नाही. पण हिशोब बघा. आईला चार ठिकाणी मिळून किती वेळ दिला गेला? एक्स-रे, एमआरआय, त्यांचे रिपोर्ट बघणं, पट्टा बांधून दाखवणं, दर महिन्याला गोळ्या लिहून देणं. त्या मानाने आडवं झोपवून डोळे बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. वेळ नाही हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं म्हणजे या पाच मिनिटांचं बिल होत नाही. एमआरआयला दर आहे, पट्ट्याला किंमत आहे, गोळीला कंपनी आहे. मान वळवायला ना कंपनी, ना प्रतिनिधी, ना जाहिरात. जे विकता येत नाही ते आपल्याकडे शिकवलं जातं, परीक्षेत विचारलं जातं आणि मग विसरलं जातं.

यात आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. आईला पहिल्याच डॉक्टरांनी नुसतं आडवं-तिडवं करून ‘जा घरी’ म्हटलं असतं, तर मीच फोनवर म्हणाले असते, ‘काहीतरी टेस्ट तरी करायला सांग ना त्यांना.’ फाईल जाड झाली की आपल्याला उपचार झाल्यासारखं वाटतं.

मला सगळ्यात जास्त लागली ती भाषेची गोष्ट. मराठीत डोळ्यांपुढे अंधारी येते, भोवळ येते, तोल जातो, गरगरतं, घर फिरतं. या वेगवेगळ्या तक्रारी आहेत. उठून उभं राहताना अंधारी येत असेल तर रक्तदाब बघायला हवा. चालताना नुसताच तोल जात असेल तर पाय, नसा, मेंदू बघायला हवा. कूस बदलताना अर्धा मिनिट घर फिरत असेल तर आधी कान बघायला हवा. नुसत्या शब्दावरून निदान होत नाही हे खरं; कधी होतं आणि किती वेळ टिकतं हे जास्त महत्त्वाचं. पण आई तेसुद्धा सांगत होती! निदान तिच्या एका वाक्यात होतं. चार शिकलेल्या माणसांनी त्या वाक्याचा ‘चक्कर’ केला आणि त्यातली माहिती पुसून टाकली.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी, कारण हे वाचून कुणीतरी लगेच यूट्यूब उघडेल. कण उजव्या कानात आहेत की डाव्या, कुठल्या नळीत आहेत, हे ठरवल्याशिवाय मान फिरवून उपयोग नाही. मानेचा किंवा मणक्याचा गंभीर त्रास असेल तर आणखी जपून. आधी तपासणी, मगच व्यायाम. दुसरं, अचानक सुरू झालेलं गरगरणं थांबतच नसेल, बोबडी वळत असेल, एकाचे दोन दिसत असतील, चेहरा किंवा हातपाय लुळे पडत असतील, आधाराशिवाय उभं राहता येत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठा. तो पक्षाघात असू शकतो.

बाकीच्यांसाठी मागणी एवढीच. ‘कूस बदलली की फिरतं’ म्हणणाऱ्या माणसाला गोळी लिहून देण्याआधी एकदा आडवं झोपवून त्याचे डोळे बघा. तालुक्याच्या दवाखान्यातही पलंग असतो, दुसरं काही लागत नाही. आणि तुमच्या घरी कुणी महिनोन् महिने चक्करेची गोळी खात असेल तर या रविवारी फोन करून विचारा : नेमकं काय केल्यावर होतं, किती वेळ टिकतं, आणि कुणी कधी आडवं करून डोळे बघितले का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घ्या. गोळी मनाने बंद करू नका, त्यांनाच विचारा.

हा त्रास परत होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आईला सांगितलंय. तिला त्याची आता भीती वाटत नाही. मनगट मात्र थंडीत अजून दुखतं. पोळ्या लाटताना ती मध्येच थांबते, हात झटकते आणि परत लाटायला लागते. ते दुखणं कानाचं नाही. ते न केलेल्या पाच मिनिटांच्या तपासणीचं आहे.