नखं कापा, बोटं नको!

वाकोल्यासारख्या उपनगरातल्या छोट्या घरांतही हौसेनं मांजर पाळलं जातं. गावाकडे त्याला अंगण असतं, झाड असतं. इथे नखं घासायला उरतो तो सोफा. हप्त्यांवर घेतलेल्या सोफ्याचे धागे निघाले, की घरातल्या बाईचा जीव तुटणारच. मग कुणीतरी सुचवतं, 'नखंच काढून टाका ना कायमची!'

पण मैत्रिणींनो, हे नखं कापण्याइतकं साधं नाही. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते कायमचं काढायचं, तर बोटाचं शेवटचं पेरच तोडावं लागतं. पुढच्या दोन पायांची मिळून १० पेरं! बचावाचं साधन गेलं, की काही मांजरं चावरी होतात. पाय दुखतात म्हणून मातीच्या ट्रेमध्ये जायचंही टाळतात. इस्रायलने २०११ मध्ये आणि न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये अशा हौसेच्या शस्त्रक्रियांवर बंदी घातली. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार प्राण्याचा अवयव छाटणं ही क्रूरता आहे.

उपाय घरातच आहे. एका फळीला काथ्या घट्ट गुंडाळून ती सोफ्याशेजारी पक्की उभी करा. दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त टोकं कापा. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते, तिथे कात्री लागू देऊ नका. भीती वाटत असेल तर पशुवैद्यांकडून एकदा शिकून घ्या.

आणि एवढंही जमणार नसेल, तर मुलांच्या हट्टापायी मांजर आणूच नका. सोफ्याला नवं कव्हर शिवता येतं, तोडलेलं पेर पुन्हा येत नाही.