परमुलखातील बिऱ्हाड

‘देश तसा वेश’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु वेश बदलणे हे काम एका दुपारी, एका दुकानात उरकते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, आणि तिच्याविषयी म्हण गप्प आहे. माझे थोरले बंधू व वहिनी गेली तीन वर्षे जर्मनीतील श्टुटगार्ट शहरी राहत आहेत. त्यांच्या बिऱ्हाडाविषयी आमच्या घरी जी चर्चा चालते ती ऐकून माझे एक मत बनले आहे. दहावीतील मुलीने वडीलधाऱ्यांच्या वादात पडू नये असे कोणी म्हणेल. पण शाळेच्या वार्षिकांकात लिहिण्यास तरी मज्जाव नसावा.

परदेशी गेलेल्या जोडप्यास आपण दोन प्रश्न विचारतो. ‘जेवणाचे काय करता?’ हा पहिला, आणि ‘परत केव्हा येणार?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. तांदूळ, डाळ, हिंग सर्व काही तेथे मिळते. दुसऱ्याचे उत्तर त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते, म्हणून ते हसतात आणि आपण त्या हसण्याचा मनास येईल तो अर्थ लावतो. मात्र ‘तेथे तुम्हांला कोण ओळखते?’ असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

वास्तविक तेथे जम बसवणे म्हणजे काय, हे ऐकण्यासारखे आहे. घर भाड्याने मिळाले की दोन आठवड्यांच्या आत नगर-कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. पुढची बहुतेक कामे त्या कागदावर चालतात. घर मिळते तेही पुष्कळदा अगदी मोकळे. ओटा, शेगडी, मोरी यांपैकी काहीही नसलेले. दादा-वहिनींनी पहिले तीन आठवडे खिडकीच्या कट्ट्यावर विजेची शेगडी ठेवून भात शिजविला आणि भांडी न्हाणीघरात घासली. कागद, वेष्टने, ओला केर, उरलासुरला केर यांच्या पेट्या वेगवेगळ्या. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानात परत दिली की २५ सेंट मिळतात. रविवारी दुकाने बंद. शनिवारी दूध आणावयाचे राहिले तर सोमवारपर्यंत चहा कोरा. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. याची सवय व्हावयास किती दिवस लागले असे मी विचारले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “पेट्यांची आठ दिवसांत झाली, अंधाराची अजून नाही.”

येथवरचे कष्ट दोघांचे सारखे. पुढे मात्र वाटा निराळ्या होतात, आणि माझा मुद्दा येथूनच सुरू होतो.

दादाला जाताक्षणी कचेरी मिळाली. तेथे इंग्रजी चालते, बसावयास खुर्ची आहे, नावाची पाटी आहे. सायंकाळी तो थकून घरी येतो हे खरेच, त्याच्या श्रमाला मी कमी लेखत नाही. परंतु तीन वर्षांनंतरही दारात आलेले सरकारी पत्र त्याला धड वाचता येत नाही. वहिनींना कचेरी मिळाली नाही. त्यांना तो देश जसा आहे तसाच अंगावर घ्यावा लागला. भाजीवाला, डॉक्टर, बालवाडीच्या बाई, जिन्यातील शेजारीण, सगळ्यांशी गाठ त्यांची. येथे वडोदऱ्यात त्या भौतिकोपचार करीत. पडलेल्या, लुळ्या झालेल्या माणसांना त्यांनी पुन्हा चालते केले आहे. जर्मनीत या व्यवसायास सरकारी मान्यता लागते. आपली पदवी तपासून घ्यावयाची, कमी पडेल तेवढे शिक्षण वा परीक्षा पुरी करावयाची, आणि भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी साधारणपणे चौथी गाठावयाची. रुग्णाला ‘दुखते कोठे?’ एवढे विचारता येणे पुरेसे नाही. तो काय सांगतो ते कळले पाहिजे. ही अट मला अन्यायाची वाटत नाही. पण ती पुरी करण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ कोणीतरी मोकळा करून द्यावा लागतो.

गेल्या दिवाळीत दूरध्वनीवर वहिनींनी सांगितले की, आठवड्यातून चार संध्याकाळी त्या भाषेच्या वर्गाला जातील. त्या दिवशी स्वयंपाक आणि मुलीचे सारे दादा पाहील. आमच्याकडे पडद्यासमोर एकदम शांतता पसरली. आजी म्हणाली, “पोराने दिवसभर राबायचे आणि वर पोळ्याही लाटायच्या?” आत्या म्हणाल्या, “पैशाला काही कमी आहे का? घरी राहावे, सुखाने राहावे.” दादा काहीच बोलला नाही. मला त्याचा रागच आला.

‘सुखाने घरी राहावे’ हे आपल्या दारात ठीक आहे. येथे घरी राहणाऱ्या बाईस चार दारे उघडी असतात. तेथे दार लावले की कोणी वाजवीत नाही. भाषेविना त्या देशात घरी राहणे म्हणजे सुख नव्हे, नजरकैद आहे.

आमची पणजी १९३८ साली वाईहून लग्न होऊन वडोदऱ्यास आली. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात आलेली मराठी घरे येथे पुष्कळ. घरात, वाड्यात, देवळात मराठीच. ती मनात आणती तर जन्मभर मराठीवर निभावून नेती. पण आजी सांगते, पणजीने पहिल्याच वर्षी खंडेराव मार्केटातील भाजीवालीशी मैत्री केली आणि तिच्याकडून गुजराती शिकली; पुढे पणजोबांच्या कज्जाचे कागद तीच वाचून दाखवी. आपले सयाजीराव महाराज तरी कोण? नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा मुलगा. १८७५ साली बारा वर्षांचा असताना गादीवर आला आणि मराठीबरोबर गुजरातीही शिकला. पणजीच्या गुजरातीचे कौतुक करणाऱ्या माझ्या आजीस नातसुनेचे जर्मन मात्र डोळ्यांत खुपावे, हे मला समजत नाही.

श्टुटगार्टकडे एक रिवाज आहे. भाड्याच्या इमारतीत जिना व अंगण झाडण्याची पाळी प्रत्येक बिऱ्हाडाकडे आठवडाभर असते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. याला ते ‘केरवोखे’ म्हणतात. ‘केर’ म्हणजे झाडणे, ‘वोखे’ म्हणजे आठवडा. (आमच्या मराठीच्या बाईंना हा ‘केर’ ऐकून फार मौज वाटली. योगायोगच, पण किती नीटनेटका!) पहिल्या पाळीस वहिनी जिना झाडीत असता खालच्या मजल्यावरील म्हातारबाई बाहेर आल्या व काही बोलल्या. वर्गातील जर्मन निराळे, त्यांचे श्वाबी वळणाचे निराळे. वहिनींना वाटले, रागावल्या. त्या सांगत होत्या की कोपरा राहिला.

पुढे त्यांच्याशी ओळख वाढली, तेव्हा कळले की त्या बाईंची आई १९४६ साली हंगेरीतील खेड्यातून गाठोडे घेऊन तेथे आली. अठराव्या शतकात त्या भागातील कित्येक कुटुंबे उल्म गावाहून डॅन्यूब नदीने नावांतून हंगेरीस गेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळांना हाकलून देण्यात आले. दोनशे वर्षे जपलेली जर्मन बोलत ते परत आले, तरी गावकऱ्यांनी त्यांना परकेच म्हटले. म्हणजे भाषा एक असूनही परकेपण चुकले नाही. त्या बाईंनी वहिनींना सांगितले, “माझ्या आईचा जिना नेहमी सर्वांत स्वच्छ असे.” त्यात अभिमान किती आणि भीती किती, हे मी अजून ठरवू शकले नाही.

मुलीच्या मराठीची काळजी आत्यांना फार वाटते. मला तितकी वाटत नाही. जर्मन तिला बालवाडीतून आपोआप येत आहे. मराठी आपोआप येणार नाही, हे दोघांना ठाऊक आहे, म्हणून घरात मराठीशिवाय बोलायचे नाही असा त्यांचा नियम आहे. गणपतीला तेथील मराठी मंडळी जमतात तेव्हा ती आरती म्हणते. पण बाराही महिने केवळ आपल्याच लोकांत उठबस करून ‘हा देश फार थंड’ म्हणणारी माणसेही त्याच मेळाव्यात भेटतात, आणि त्यांच्याविषयी वहिनी काही बोलत नाहीत, नुसत्या हसतात.

गेल्या महिन्यातील एका शनिवारी दुपारी अडीच वाजता आम्ही दूरध्वनी लावला. तेथे सकाळचे दहा. वहिनी परीक्षेस गेल्या होत्या. दादाने यंत्र जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवले होते, दारावर पाटी होती आणि हातात झाडू. मुलगी पायरीवर बसून केळे खात होती. आजी बराच वेळ पाहत राहिली. मग पडद्याजवळ सरकून म्हणाली, “अरे, वरच्या पायरीपासून खाली ये. आणि तो कोपरा राहिला बघ.”