तालीम साडेदहाला संपते, मेस नऊला बंद होते

जुलै-ऑगस्ट आला की पुण्यात दोन प्रकारची पोरं बॅगा घेऊन उतरतात. एक स्पर्धा परीक्षेची. त्यांच्यासाठी सदाशिव-नारायण पेठेत अख्खी दुनिया उभी आहे. कॉट बेसिसवर खोल्या, रात्री उशिरापर्यंत उघड्या अभ्यासिका, मेस, झेरॉक्सवाले, आणि आपल्याच तालुक्यातला कुणीतरी सिनियर. दुसरी पोरं संख्येनं अगदी थोडी. नाटक, गाणं, नाच शिकायला आलेली. त्यांच्यासाठी काहीच उभं नाही.

आज या दुसऱ्या पोरांबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात एखादी खोली रिकामी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मी स्वतः लातूरकडून नाटक शिकायला इथं आलो. शिकलो आणि इथंच राहिलो. आता लाइट्सच्या आणि डबिंगच्या कामावर घर चालतं. गावाकडं माझं नाव 'नाटकवाला' म्हणून पसरलेलं असल्यामुळं दरवर्षी या दिवसांत फोन सुरू होतात. "दादा, ॲडमिशन झालंय, रूमचं काय?" या पोरांचं पहिलं वर्ष मी जवळून बघत आलोय. त्यातली काही दिवाळीच्या सुट्टीत गावी जातात आणि परत येत नाहीत.

परत न आलेल्या पोराबद्दल आपल्याकडं एक ठरलेलं निदान असतं. "त्याला झेपलं नाही." "तेवढी ओढच नव्हती." मला हे अजिबात पटत नाही. अहो, प्रवेश परीक्षा देऊन, स्वगत सादर करून, मुलाखतीत दहा प्रश्न झेलून आत आलेलं पोरगं आहे ते. घरच्यांशी भांडून आलंय. तीन महिन्यांत त्याची ओढ कुठं आटली? मी जी पोरं परत गेलेली पाहिली, त्यातलं एकही अभिनय जमत नाही म्हणून गेलं नाही. ती गेली खोली, जेवण आणि भाषेमुळं.

आधी जेवणाचं सांगतो, कारण ते सगळ्यात साधं वाटतं.

नाटक शिकणाऱ्या पोराचा दिवस बघा. सकाळी सातला व्यायाम आणि आवाजाचे तास. मग थिअरी. दुपारी अभिनयाचं प्रात्यक्षिक. संध्याकाळी तालीम, ती प्रयोग जवळ आला की साडेदहा-अकरापर्यंत. आपल्याकडच्या मेस नऊ-साडेनऊला बंद होतात. म्हणजे पोरगं महिन्याचे पैसे आगाऊ भरतं आणि रात्री वडापाव खातं. मेसचा नियम असा की खाडा आधी सांगून ठेवला तरच धरतात. तालीम किती वाजेपर्यंत चालेल हे दिग्दर्शकालाच माहीत नसतं, तर हा खाडा सांगणार कधी? एकाच जेवणाचे दोनदा पैसे जातात. सकाळी सातला पुन्हा 'पोटातून आवाज काढ' म्हणून सांगायला सर उभे असतात. पोटात काही असलं तर निघेल ना.

"मग पार्ट टाइम काम का करत नाहीत?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कॉमर्सचा मुलगा सकाळी कॉलेज करून दुपारी दुकानात बसू शकतो. याचा दिवस सकाळी सात ते रात्री अकरा बांधलेला आहे. रविवारी सेट रंगवायचा असतो.

आणि ही गोष्ट सरकारला माहीत नाही असं नाही. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं. तिथं तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निवडलेल्या विद्यार्थ्याला दरमहा शिष्यवृत्ती मिळते. का? तर हे शिक्षण माणसाचा पूर्ण दिवस खातं, कमवायला वेळ उरत नाही, हे तिथं मान्य केलेलं आहे. पण तिथं जागा देशभरातून तीसेकच. बाकीची पोरं आपापल्या विद्यापीठातल्या नाट्य आणि संगीत विभागांत शिकतात. शिक्षण तेवढंच दिवसभराचं, मागं आधार मात्र काही नाही.

काही आधार आहे, तो पोरांपर्यंत पोचत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी 'स्वाधार' योजना आहे. आदिवासी मुलांसाठी 'स्वयम्' आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी 'आधार' आहे. पुण्यासारख्या शहरात राहणं, जेवण मिळून वर्षाला साठ हजारांपर्यंत मदत या योजनांत धरलेली आहे. गुणांची, उत्पन्नाची, हजेरीची अट असते, ती वाचून अर्ज करायचा. पण हे पहिल्या आठवड्यात पोराला कोण सांगतं? इंजिनिअरिंगच्या कॉलेजात त्यासाठी वेगळी खिडकी असते. नाटकाच्या विभागात एकच क्लार्क, आणि प्रयोगाच्या दिवशी तोही पडद्यामागं धावत असतो. शिवाय हे पैसे खात्यात जमा होईस्तोवर वर्ष उलटायला येतं. घरमालकाला डिपॉझिट पहिल्याच दिवशी हवं असतं.

घरमालकांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी पोरांबरोबर खोल्या बघायला जातो तेव्हा संवाद ठरलेला असतो.

"काय करतो मुलगा?"
"शिकतो. नाटकाला ॲडमिशन झालंय."
"ते झालं हो. शिकतो काय?"

नाटक म्हणजे रात्री उशिरा येणार, मोठमोठ्यानं बोलणार, मुलं-मुली एकत्र येणार. नकार. मुलीला तर दोन्हीकडून अडचण. हॉस्टेलचं फाटक ठरल्या वेळेला बंद होतं, तालीम सुरूच असते. बिचारी अर्धा प्रवेश टाकून निघते. मग दिग्दर्शक पुढच्या वेळी तिला मोठी भूमिका देतच नाही, "तिला थांबता येत नाही" म्हणून. सरांना वाटतं मुलगी गंभीर नाही. वॉर्डनला वाटतं मुलगी वाया चालली. दोघंही एकाच विद्यापीठाचा पगार घेतात, पण एका टेबलावर बसून वेळ ठरवत नाहीत. विभागानं तालमीचं लेखी वेळापत्रक वॉर्डनला दिलं आणि परतीची सोय केली तर हा प्रश्न पंधरा मिनिटांत सुटतो. काही ठिकाणी सुटलाही आहे. जिथं सुटला नाही तिथं कुणी ती पंधरा मिनिटं दिलेली नाहीत, एवढंच.

आता भाषा. हा माझा दुखरा विषय आहे.

मी जिथं शिकलो तिथं पहिल्या महिन्यात मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. "काय करायलास?" म्हटलं की हशा. 'पाणी'ला 'पानी' म्हटलं की सर थांबवायचे आणि दहा वेळा म्हणून घ्यायचे. सगळ्यांसमोर. महिनाभरात मी वर्गात बोलणंच कमी केलं. नाटक शिकायला आलेला माणूस गप्प बसायला लागला. आजही असंच होतं. विदर्भातून आलेलं पोरगं "मी करून राहिलो" म्हणालं की त्याची दोन वर्षं नक्कल होते. पोरगं हसण्यावारी नेतं. रूमवर येऊन आईशी फोनवर बोलतानासुद्धा ते जपून बोलायला लागलं की समजा, काहीतरी मोडलंय.

वाणीचे संस्कार नकोत असं मी म्हणत नाही. ण आणि न, ळ आणि ल हे नटाला वेगळे काढता आलेच पाहिजेत. शेवटच्या रांगेत तिकीट काढून बसलेल्या माणसाला शब्द पोचला पाहिजे. पण स्पष्ट बोलणं वेगळं आणि पुण्याचं बोलणं वेगळं. मराठवाडी बोलीसुद्धा अस्पष्ट बोलता येते आणि स्पष्ट बोलता येते. पोराला प्रमाण मराठी शिकवायची तर ती आणखी एक भाषा म्हणून शिकवा. आहे ती काढून घेऊन तिच्या जागी देऊ नका.

गंमत पुढंच आहे. पहिल्या वर्षी ज्या पोराची बोली घासून काढली, त्याच विभागात तिसऱ्या वर्षी कुणीतरी ग्रामीण नाटक घेतं. मग पुण्यातल्या पोरांना "बोली पकड, बोली पकड" म्हणून सांगतात, आणि तिचा अस्सल मालक मागं प्रॉपर्टी सांभाळत उभा असतो.

'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली आलं. राजकुमार तांगडेंचं लेखन, नंदू माधवांचं दिग्दर्शन, आणि नटमंडळी बरीचशी जालन्याकडची. बोली तिकडचीच. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकानं ते डोक्यावर घेतलं, कुणी 'ण' मोजत बसलं नाही. निळूभाऊ फुले पुण्यात माळीकाम करत कलापथकातून पुढं आले. त्यांच्या आवाजाची नक्कल आजही गावोगाव होते, ती काय शुद्ध उच्चारांमुळं? ओम पुरी पंजाबी माध्यमात शिकून दिल्लीच्या नाट्य विद्यालयात गेले. इंग्रजी येत नाही या न्यूनगंडानं तिथले सुरुवातीचे दिवस किती जड गेले, हे त्यांनी पुढं मुलाखतींतून सांगितलं आहे. ते तेव्हा घरी निघून गेले असते तर लोक म्हणाले असते, झेपलं नाही त्याला.

आणि बाहेरून आलेलं पोरगं रिकामं येतं हा समज तर काढूनच टाका. गडचिरोलीच्या वडसा भागातून आलेल्या पोरानं लहानपणापासून झाडीपट्टीची नाटकं बघितलेली असतात. दिवाळीनंतर तिकडं रात्र-रात्र नाटकं चालतात, आणि मंडपातला प्रेक्षक शहरातल्या नाट्यगृहात मावणार नाही एवढा असतो. नगर-सोलापूरकडचं पोरगं तमाशाची ढोलकी ऐकत वाढलेलं असतं. वारकरी घरातल्या पोरीला उभं राहून दोन तास गाता येतं. यातलं काहीही पहिल्या वर्षी कुणी विचारत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला "तुझ्या गावचं काय येतं ते करून दाखव" एवढं जरी सांगितलं, तरी वर्गातली उतरंड बदलते.

आता सिनियर लोकांशी दोन शब्द, कारण तुमच्यातले बरेच जण माझी पोस्ट वाचता.

पहिल्या वर्षाच्या पोरांनी रंगमंच झाडायचा, लेव्हल उचलायच्या, केबल गुंडाळायच्या, हे मला मान्य आहे. १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडकासाठी भरत नाट्य मंदिरात बॅकस्टेज करूनच कित्येक जण नाटक शिकले. ते काम कमीपणाचं नाही. पण झाडू पहिल्या वर्षाच्याच हातात आणि तिसरं वर्ष खुर्चीत, असं असेल तर त्याला शिस्त म्हणू नका. आणि 'इंट्रो'च्या नावाखाली, "नटाची लाज मोडायची असते" म्हणून रात्री दोनला पोरांना काहीबाही करायला लावणं ही रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. नटाची लाज विश्वासानं जाते. भीतीनं गेलेली लाज दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन परत येते, हे तुम्हालाही अनुभवानं ठाऊक आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांनो, असं काही झालं तर यूजीसीची हेल्पलाइन आहे : १८००-१८०-५५२२. नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

मग करायचं काय? मोठ्या मागण्या माझ्याकडं नाहीत.

विभागांनी तालमीच्या महिन्यात रात्रीचे डबे एकत्र सांगावेत. वीस डबे एकदम मिळत असतील तर कुठलीही मेसवाली मावशी साडेदहापर्यंत डबा ठेवायला तयार होते, मी स्वतः बोलून पाहिलंय. पहिल्या आठवड्यात एक तास फक्त योजनांच्या अर्जांसाठी द्यावा. वॉर्डनबरोबर वेळ ठरवावी. वाणीच्या सरांनी वर्गाला हसू देऊ नये.

पालकांनी, पोरगं पहिल्यांदा घरी येईल तेव्हा "पिक्चरमध्ये कधी दिसणार?" हे विचारू नये. "जेवतोस का वेळेवर?" हे विचारावं. त्याचं उत्तर ऐकून बरंच काही कळेल.

आणि आपण, म्हणजे पुण्यात घर असलेल्यांनी. खोली द्यायची असेल तर नाटकवाला म्हणून नकार देऊ नका. त्या पोराला भेटा, वेळा ठरवून घ्या, नियम सांगा, पण दार उघडा. ज्यांच्या ताब्यात शाळेचा किंवा सोसायटीचा हॉल संध्याकाळी रिकामा असतो, त्यांनी तो तालमीला नाममात्र भाड्यानं द्या. आणि विभागांचे विद्यार्थी-प्रयोग बघायला जा. तिकीट नसतंच किंवा अगदी थोडं असतं. पहिल्या वर्षाच्या पोराला ओळखीपाळखीबाहेरचे दहा प्रेक्षक समोर दिसले तर त्याला हे गाव आपलं वाटायला लागतं.

या घडीला माझ्याकडं तीन पोरांची आणि एका मुलीची चौकशी आहे. एक नांदेडकडचा, एक वडशाचा, एक अकलूजजवळचा, मुलगी परभणीची. चौघांचेही वर्ग सुरू झालेत आणि चौघंही सध्या कुणाच्या ना कुणाच्या रूमवर पाहुणे म्हणून राहतायत. कोथरूड, कर्वेनगर, औंध, गणेशखिंड भागात खोली किंवा कॉट असेल तर मला मेसेज करा. मी पोरांना घेऊन स्वतः येतो.