खंडणीचा पहिला हप्ता

प्रकाश झा यांचा 'अपहरण' हा चित्रपट २ डिसेंबर २००५ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, २४ नोव्हेंबरला, बिहारमध्ये सत्तांतर होऊन नितीशकुमार यांचा शपथविधी झाला होता. डॉक्टर, अभियंते, व्यापारी आणि शाळकरी मुले यांना पळवून खंडणी उकळणे हा तेथे राजरोस 'उद्योग' झाला होता. झा यांनी तो पडद्यावर आणला आणि या पटकथेस राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. आज इतक्या वर्षांनी हा चित्रपट पुन्हा पाहावा, तो थरारासाठी नव्हे. त्यात मध्यमवर्गाला विचारलेल्या एका प्रश्नासाठी.

कथेचा नायक अजय शास्त्री हा जन्मजात गुंड नाही. तत्त्वनिष्ठ प्राध्यापकाचा तो बेकार मुलगा. पोलीस खात्यातील नोकरीसाठी तो कर्ज काढून लाच देतो. नोकरी हुकते, कर्ज मात्र उरते; ते फेडण्यासाठी तो पहिले अपहरण करतो आणि अखेर तबरेज आलम या बाहुबली आमदाराच्या आश्रयाला जातो. नाना पाटेकरांचा तबरेज आणि मोहन आगाशे यांचे प्राध्यापक शास्त्री, या दोन मराठी नटांनी चित्रपटाचे दोन ध्रुव उभे केले आहेत. तबरेज आपल्या समाजाच्या हिताची भाषा बोलत गुन्हेगारी चालवतो. त्याच्याविरुद्ध ठामपणे उभा राहणारा पोलीस अधिकारी अन्वर खान आहे, आणि तुरुंगातून टोळी चालवणारा गया सिंह आहे. गुन्हेगारीला पंथ नसतो, आश्रयदाते मात्र असतात, हेच दिग्दर्शकाला सांगायचे आहे.

हे आश्रयदाते किती प्रभावी ठरतात, याची साक्ष इतिहास देतो. खंडणीसाठी अपहरण करणाऱ्यास फाशी वा जन्मठेपेची तरतूद असलेले कलम ३६४-अ १९९३ मध्येच दंडविधानात आले. तरीही पुढील दहा-बारा वर्षे बिहारमधील हा धंदा फोफावतच राहिला. २००५ नंतर कलम तेच होते. बदलली ती राज्यकर्त्यांची इच्छाशक्ती. शस्त्र कायद्याखालील खटले त्वरेने चालवले गेले, माजी सैनिकांची साहाय्यक पोलीस दले उभी राहिली, बाहुबली गजाआड गेले आणि अपहरणे झपाट्याने घटली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४० मध्ये आहे. कायद्याचे शब्द पुरेसे कठोर आहेत. प्रश्न तो राबवणाऱ्या हातांचा आहे.

आणि ते हात कोठून येतात? नोकरीसाठी पैसे मोजून जो पोलीस होतो, तो ते पैसे कोणाकडून वसूल करणार? मुलाच्या नोकरीसाठी, प्रवेशासाठी, बदलीसाठी पाकीट देताना आपण त्यास 'व्यवहार' म्हणतो. वस्तुतः तो खंडणीचा पहिला हप्ता असतो. फरक इतकाच, की येथे ओलीस ठेवले जाते ते आपल्या मुलाचे चारित्र्य, आणि खंडणी आपण आपखुशीने देतो.

प्राध्यापक शास्त्री जगासाठी झटले, पण घरातील मुलाशी त्यांचा संवाद तुटला होता. सार्वजनिक कार्यात रमणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे चित्र मनाशी धरावे. संस्कार व्यासपीठावरून होत नाहीत. ते घरी, जेवणाच्या पानावर होतात. तेथे आपली खुर्ची रिकामी राहिली, तर ती भरायला कोणी ना कोणी तबरेज टपलेलाच असतो.